गाडगेबाबांच्या धर्मशाळा: फिलाडेल्फियातून पाहताना

23 फेब्रुवारी 2026 रोजी संत गाडगेबाबांच्या जन्माला 150 वर्षे पूर्ण झाली. त्या दिवसाच्या आगेमागे आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जो वाद झाला, तो महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षे कुठे ना कुठे चालूच असतो. एका बाजूचे म्हणणे असे की गाडगेबाबा मुळात बुद्धिवादी समाजसुधारक होते आणि त्यांना हिंदू संत म्हणणे म्हणजे त्यांची धार बोथट करणे होय. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्यांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ हेच भजन होते, त्यांना नास्तिकांच्या पंगतीला बसवणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. सरकारी म्हणता येईल असा एक तिसरा पक्षही आहे. तो या वादात पडत नाही, कारण त्याच्या लेखी गाडगेबाबा म्हणजे खराटा आणि खराटा म्हणजे स्वच्छता अभियान. माझे माहेर दर्यापूरचे, बाबांच्या शेंडगावापासून फारसे लांब नाही, आणि गेली अनेक वर्षे मी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहून एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. इथून पाहताना मला प्रकर्षाने वाटते की या तिन्ही पक्षांनी बाबांच्या कामाचा गाभा नजरेआड केला आहे. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा, सदावर्ते आणि वसतिगृहे हा तो गाभा आहे, आणि गरजूच्या हाती प्रत्यक्ष काय पडले एवढ्या एकाच मापाने धर्म मोजण्याची त्यांची रीत त्याच्या मुळाशी आहे.

ही रीत त्यांना पोथीतून मिळालेली नव्हती. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. घर परिटाचे. वडील दारूपायी अकाली गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली आणि अंगठा उठवणाऱ्या माणसाला कागद वाचता येत नसेल तर त्याच्या घामाचे काय होते, हे त्या पोराने आपल्याच घरात पाहिले. 1892 मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण वाढायचे, तिथे त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि जातीचा रोष ओढवून घेतला. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हाती खराटा अशा वेषात त्यांनी पुढची पन्नासहून अधिक वर्षे महाराष्ट्र पायाखाली घातला. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला, तोही प्रवासातच. दारू, कर्ज, निरक्षरता आणि सणावाराचा उधार खर्च हे त्यांच्या कीर्तनाचे विषय होते, आणि यातला एकही त्यांना ऐकून माहीत झालेला नव्हता.

माझ्या आजीने त्यांचे कीर्तन ऋणमोचनच्या यात्रेत ऐकले होते. पौष महिन्यातल्या रविवारी पूर्णा नदीच्या काठी ही यात्रा भरते आणि घर सोडल्यानंतर बाबांच्या कामाची सुरुवात याच परिसरातून झाली. नदीच्या निसरड्या उतारावर बायाबापड्या घसरत, म्हणून त्यांनी तिथे आधी पायऱ्या खोदल्या, पुढे घाट बांधवून घेतला आणि लुळ्यापांगळ्यांना जेवण घालण्याचा पायंडा पाडला. आजी सांगायची, ‘बुवा इचारे, अन् आमी सारे हो म्हनो.’ म्हणजे बाबा प्रवचन देत नसत, प्रश्न विचारत असत. सत्यनारायणाच्या प्रसादाने साधुवाण्याची बुडालेली नाव वर आली हे खरे ना, मग समुद्रात बुडालेल्या आगबोटी प्रसाद वाटून वर काढाव्यात की नाही? नवसाला बोकड कापला तर देव पावतो ना, मग देवाला वाघ का कापून देत नाही कोणी? समोर बसलेली हजारो माणसे आधी हसत, मग गप्प होत, मग आपल्याच तोंडाने उत्तर देत. आजीच्या घरात त्या यात्रेनंतर कोंबडा कापणे बंद झाले आणि ते कोणाच्या धाकाने झाले नाही.

या प्रश्नोत्तरांमुळेच बुद्धिवादी मंडळींना बाबा आपले वाटतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर अनेकांनी विचारले की आज गाडगेबाबा हयात असते तर त्यांचे कीर्तन लोकांनी शांतपणे ऐकून घेतले असते का. हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. मात्र त्या कीर्तनाचा दुसरा अर्धा भाग वगळून चालणार नाही. बाबांचा आवाज ज्या भजनावर चढत असे, ते देवकीनंदनाचेच होते. तुकोबांचे आणि कबीराचे बोल ते पदोपदी आणत. वारीच्या दिवसांत ते पंढरपूरला जात. तिथे ते चंद्रभागेचे वाळवंट झाडत, रात्री कीर्तन करत, पण देवळात दर्शनाला जात नसत. मला या वागण्यात कसलाच विरोधाभास दिसत नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर खुले झाले. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी त्याच गावात त्या वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभी केली होती आणि तिला चोखामेळ्याचे नाव दिले होते. ज्याला देवाच्या दारात जागा नाही त्याला गावात निजायला जागा हवी, हा त्यांचा विचार होता. तो भक्ताचा की सुधारकाचा असे विचारत बसणाऱ्याला त्या धर्मशाळेत निजलेल्या वारकऱ्याची रात्र दिसत नाही.

परदेशात हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. इथे वाढलेल्या आमच्या मुलांना ‘हिंदू गुरू’ म्हणजे काय हे बहुधा दोनच मार्गांनी कळते. एक तर भगव्या वस्त्रातले, मोठ्या सभागृहात व्याख्यान देणारे, पुढच्या रांगेच्या आसनाला जास्त देणगी घेणारे कोणी पाहुणे महाराज दिसतात, नाहीतर विद्यापीठातल्या एखाद्या वर्गात गुरूंच्या गैरव्यवहारांची चर्चा ऐकू येते. माझ्या मुलीने महाविद्यालयात असताना मला सरळ विचारले होते की ज्यांनी काही घेतले नाही असा एक तरी गुरू तुमच्या धर्मात आहे का. मी तिला बाबांची हकीकत सांगितली. पायावर डोके ठेवायला येणाऱ्याला ते काठी उगारून हुसकावत. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, असे ते जाहीरपणे सांगत. भाकरी मागून खात आणि ज्या गावात जात तिथे आधी रस्ता झाडून मगच ती मागत. लाखोंच्या देणग्या जमल्या त्या धर्मशाळांच्या विश्वस्त मंडळांकडे गेल्या आणि त्या मंडळांत आपल्या रक्ताच्या नातलगांना त्यांनी थारा दिला नाही. मुलीचे समाधान झाले की नाही ते मला सांगता येणार नाही, पण तिने नंतर बाबांचे शेवटचे कीर्तन शोधून ऐकले. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेल्या त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने आजही उपलब्ध आहे. पैसे नसतील तर जेवणाचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असे त्यांनी त्यात पोलिसांना बजावले आहे. तिला त्यांची वऱ्हाडी अर्धीच कळली, तरी ऐकणाऱ्यांचा हुंकार पुरता कळला.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळते, कारण परदेशस्थांना सगळ्यात जास्त त्याच्याच बाजूने ओढले जाते. महाराष्ट्र सरकारने 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्याने पुष्कळ गावांचे रूप पालटले, हे मी आमच्या भागात स्वतः पाहिले आहे. ज्या गावांत बायकांना अंधाराची वाट पाहत बसावे लागे, तिथे शौचालये झाली. त्या अभियानाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यातून एक समज घट्ट होत गेला, तो असा की बाबांनी लोकांना शिस्त शिकवली आणि ती शिस्त आपल्या अंगी नसल्यामुळे आपण मागे राहिलो. मग दर फेब्रुवारीत मला निरोप येतो: ‘ताई, तुमच्या तिकडे बघा, रस्ते कसे लखलखीत! बाबांना खरे तर अमेरिकनांनीच ओळखले.’ फिलाडेल्फियात राहणाऱ्या कोणालाही हे वाक्य ऐकून आश्चर्य वाटेल. अमेरिकेतल्या अस्वच्छ शहरांची नावे निघाली की हे शहर हमखास पुढे असते. इथल्या महापालिकेच्या कामगारांनी 1 जुलै 2025 पासून संप केला तेव्हा आठवडाभरातच आमच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग छातीपर्यंत आले. पालिकेने नेमून दिलेल्या जागी लोक पिशव्या आणून टाकत होते, त्या उन्हात फुटत होत्या आणि त्यांतून वाहणारे पाणी पदपथ ओलांडून गटारात जात होते. माणसे तीच होती, त्यांची शिस्तही तीच होती. कचरा उचलणारे हात तेवढे थांबले होते.

ते हात कोणाचे आहेत हेही सांगायला हवे. संपावर गेलेल्या त्या संघटनेत कृष्णवर्णीय कामगार बहुसंख्य आहेत आणि त्यांची मागणी पगारवाढीची होती. अमेरिकेत कचऱ्याच्या कामाला वंशभेदाचा इतिहास आहे. 1 फेब्रुवारी 1968 रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घ्यायला कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन कृष्णवर्णीय कामगार यंत्रात चिरडून मेले आणि तेराशेच्या आसपास कामगार ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन रस्त्यावर आले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठीशी उभे राहायला मेम्फिसला गेले आणि तिथेच 4 एप्रिलला त्यांची हत्या झाली. ही हकीकत मला पहिल्यांदा कळली तेव्हा बाबांच्या खराट्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती असावा हे जातीने ठरत आले. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर 2013 मध्ये पुन्हा एकदा कडक कायदा करावा लागला आणि तरीही गटारांत उतरून माणसे मरत आहेत. अशा समाजात एक परीट संत गावात शिरताच कोणालाही न सांगता झाडू लागतो, पाटील-कुलकर्ण्यांना संकोच वाटून तेही खाली वाकतात आणि संध्याकाळच्या कीर्तनात शिवाशिवीवर प्रश्न येतो, तेव्हा सकाळचे झाडणे हा त्या कीर्तनाचा पहिला अभंगच असतो. त्यातून तो प्रश्न गाळून नुसते झाडणे उरवले, तर छायाचित्रासाठी झाडू धरणारा पुढारी आणि बाबा यांच्यात दिसायला काहीच फरक राहत नाही.

मंत्रालयात बाबांच्या दशसूत्रीचा फलक लावला गेला आणि पुढे तो हटवल्याच्या आरोपावरून राजकीय पक्षांमध्ये वाद झाला, हे अनेकांना आठवत असेल. फलक कोणी लावला आणि कोणी काढला यावर भरपूर बोलले गेले, त्यावर काय लिहिले होते यावर फार कमी. भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षण, बेघराला आसरा, अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार, बेकाराला रोजगार, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींची लग्ने आणि दुःखी-निराशांना हिंमत अशी ती दहा कलमे आहेत. स्वच्छता हे त्यांतले कलमच नाही. बाबा या सगळ्याला ‘रोकडा धर्म’ म्हणत. मोक्षाच्या वायद्यावर चालणारा नव्हे, जागेवर हाती पडणारा धर्म, असे त्यांना सांगायचे होते.

यातले आसऱ्याचे आणि औषधोपचाराचे कलम मला माझ्या कामामुळे सगळ्यात जवळचे वाटते. बाबांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या हे बहुतेकांना ठाऊक असते. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ खेड्यापाड्यांतून आलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठीही त्यांनी धर्मशाळा उभारली, हे तितके सांगितले जात नाही. तीर्थाला आलेला आणि रुग्णालयात आलेला, दोघेही परक्या गावात रात्र काढणारे असहाय लोक, हे त्यांनी ओळखले होते. पुढे दादरला त्यांच्या नावाने जी धर्मशाळा चालू झाली, तिथे परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. माझ्या एका काकांना उपचारासाठी अकोला जिल्ह्यातून मुंबईला यावे लागले, तेव्हा ते आणि काकू तिथेच राहिले. काकूला मुंबईतला एकही रस्ता माहीत नव्हता. तिने नंतर मला सांगितले की शेजारच्या खाटेवरच्या बिहारी बाईने तिला केसपेपर कुठल्या खिडकीवर द्यायचा, रक्त कधी द्यायचे आणि किमोनंतर नवऱ्याच्या तोंडाची चव गेली की काय खायला घालायचे हे सारे समजावले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मात्र ज्यांना तिथे जागा मिळाली नाही, ते रुग्ण परळच्या पदपथावर ताडपत्री बांधून आजही राहतात. टाटा रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, देशभरातून तिथे माणसे येतात, आणि तेव्हापासून निवाऱ्याची गरज वाढतच गेली आहे.

फिलाडेल्फियात 1974 मध्ये अशीच एक गोष्ट घडली. इथल्या एका फुटबॉलपटूच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. तिच्या उपचारांच्या काळात त्याने आणि त्याच्या पत्नीने इतर आईबाप रुग्णालयाच्या बाकांवर निजताना आणि यंत्रातून मिळणारा खाऊ खाऊन दिवस काढताना पाहिले. त्याच वेळी बालरुग्णालयातल्या डॉ. ऑड्री इव्हान्स यांना अशा कुटुंबांसाठी जवळच एक घर हवे होते. त्यातून रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस नावाची पहिली वास्तू उभी राहिली आणि आज साठहून अधिक देशांत तशी घरे आहेत. आमच्या मराठी मंडळातल्या काही जणी अशाच एका घरात अधूनमधून स्वयंपाक करायला जातो. शीतकपाटाच्या प्रत्येक फळीवर खोलीचा क्रमांक लिहिलेला असतो. सामायिक टेबलावर एक ओहायोची शेतकरीण, एक केनियातून आलेला बाप आणि कधी एखादे गुजराती आजोबा एकत्र जेवतात. आम्ही केलेली खिचडी सगळ्यांच्या पानात जाते आणि आजारी मुलाच्या वाटीसाठी तिखट वेगळे काढून ठेवावे लागते. त्या स्वयंपाकघरात उभे असताना मला दर वेळी वाटते की हीच बाबांची धर्मशाळा आहे. त्यांनी ती इथल्या लोकांच्या कितीतरी आधी बांधली होती आणि आपण तिचे श्रेय घेणे तर सोडाच, तिचे नाव काढणेही विसरलो.

या दोन घरांत फरक आहे आणि तो मान्य केला पाहिजे. इथल्या घरामागे एका मोठ्या कंपनीचे नाव आहे, पगारी कर्मचारी आहेत, करसवलतीचे कायदे आहेत, दरवर्षीचा हिशेब छापून येतो. त्यामुळे ते घर एका माणसाच्या पुण्याईवर अवलंबून नाही. आपल्याकडे एखादा सत्पुरुष जातो आणि त्याच्यामागे संस्था पोरक्या होतात किंवा वारसांच्या ताब्यात जातात. बाबांनी हा धोका ओळखला होता. धर्मशाळा एका एका विश्वस्त मंडळाकडे सोपवणे, 1952 मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना, पंढरपूरच्या वसतिगृहाची इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकणे, ही सगळी पावले एकाच दिशेची होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 1954 मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे, हेही उगाच नाही. हा निरक्षर माणूस स्वतःभोवती पंथ जमू देत नव्हता आणि जे जमले ते शिकलेल्या, हिशेब देणाऱ्या लोकांच्या हाती सोपवून मोकळा होत होता. आजच्या महाराष्ट्रात संतांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या संस्थांकडे पाहताना मला त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

परदेशातल्या आम्हा मराठी लोकांपुढे सध्या जो प्रश्न आहे तो देवळाचा. शेजारच्या न्यू जर्सीत रॉबिन्सव्हिल इथे ऑक्टोबर 2023 मध्ये अक्षरधामचे भव्य मंदिर खुले झाले. ते पाहून आल्यापासून आमच्याही मंडळात विठ्ठलाचे मंदिर बांधण्याची भाषा सुरू झाली आहे. भारतातल्या बुद्धिवादी मित्रांना हे कळले की ते लगेच बाबांचा दाखला देतात: देव दगडात नाही, मग हा खटाटोप कशासाठी? मला हा दाखला इथे तसाच्या तसा लागू करता येत नाही. ज्या गावात दर वळणावर देऊळ आहे तिथे आणखी एक बांधणे आणि ज्या देशात मुलांना मराठी बोलायला, वृद्धांना एकमेकांना भेटायला आणि एखाद्या मृत्यूनंतर चार माणसे गोळा करायला हक्काची जागा नाही तिथे पहिले बांधणे, यांत फरक आहे. माझे सासरे इथे गेले तेव्हा दहाव्याचे विधी आम्ही भाड्याच्या सभागृहात केले आणि वेळ संपली म्हणून अर्ध्यावर उठलो. देवळाची गरज मला तेव्हा कळली आणि मी मंदिराच्या बाजूने आहे. मात्र देऊळ झाल्यावर त्यात काय चालेल याचा विचार करताना बाबांना वगळता येणार नाही. संगमरवर कुठून आणायचा यावर आमच्या दोन सभा झाल्या. नवीन आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात कुठे राहील आणि उपचारासाठी भारतातून आलेल्या आईबापांना स्वस्तात खोली कुठे मिळेल, यावर एकही झाली नाही.

देवळात अशा खोल्या ठेवाव्यात आणि महाराष्ट्रातल्या रोग्यांच्या धर्मशाळांनाही पैसे पाठवावेत, अशी सूचना मी केली. तिच्यावर दोन आक्षेप आले आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की रोग्यांची सोय करणे हे सरकारचे काम आहे, देवळाचे नव्हे. सरकारचे ते आहेच आणि महाराष्ट्र सरकारकडे ते आपण मागितलेच पाहिजे. परंतु ज्या अमेरिकेचा दाखला आपण देतो, तिथेही या घरांचा मोठा आधार देणगीदार आणि स्वयंसेवकच आहेत, आणि सरकार करील तोवर परळच्या पदपथावरचा रोगी थांबू शकत नाही. दुसरा आक्षेप असा की भारतात पाठवलेला पैसा कुठे जातो ते कळत नाही. हा अनुभव अनेकांना आला आहे, मलाही आला आहे. त्यावर उपाय पैसे न पाठवणे हा नव्हे. नोंदणीकृत विश्वस्त संस्था निवडावी, तिचा लेखापरीक्षित हिशेब मागावा, सुट्टीत गावी गेल्यावर देवदर्शनाइतकाच वेळ काढून तिथे एक दुपार बसावे आणि खाटेवरच्या माणसाशी बोलावे. बाबा स्वतः धर्मशाळेत अचानक येऊन भांडी घासलेली आहेत का ते पाहत, असे आमच्याकडचे म्हातारे सांगतात.

म्हणून मंडळाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. मंदिराच्या आराखड्यात गाभाऱ्याच्या आधी चार खोल्या आणि एक सामायिक स्वयंपाकघर धरावे. गणेशोत्सवाच्या जमेतला ठरावीक हिस्सा दरवर्षी महाराष्ट्रातल्या एखाद्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेला द्यावा आणि त्याचा हिशेब मराठीत सर्व सभासदांना पाठवावा. खोल्या कोणत्या जातीच्या, धर्माच्या किंवा देशाच्या माणसाला द्यायच्या याची अट नसावी. आणि कोणत्याही दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावू नये. या शेवटच्या कलमाला विरोध होईल असे मला आताच सांगण्यात आले आहे, पण ते मी मागे घेणार नाही.